नवतपात लागलेलं पाणी

सक्करदरा, नागपूर
दि. २७ मे २०२४

आदरणीय बाबांना,
प्रीतमचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत. आईचा गुडघा आता कमी दुखतो. कूलरची मोटर बदलून आणली. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि एकाचं दुसरं होतं, म्हणून लिहितो आहे. टेम्पोवाला कळमेश्वरला तुमच्या कारखान्याच्या गेटवरूनच जातो, त्याच्या हाती पत्र देतो. मोगऱ्याचं तुम्ही विचारलं होतं, ते खाली लिहितो.

सिंधूताईंनी तुम्हाला फोनवर सांगितलं ते खरं आहे. आपल्या नर्सरीत पाणी लागलं आहे. नवतपात, वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कोपरभर खोल खणल्यावर. संध्याकाळी खड्ड्याच्या तळाशी ओल होती, सकाळी पाहतो तर अर्धा खड्डा भरलेला. आपली विहीर मात्र तशीच कोरडी आहे. तळाशी पाला आणि एक चप्पल दिसते. खड्डा विहिरीच्या अगदी शेजारी आहे. एकाच जमिनीत या दोन्ही गोष्टी कशा, हे मला समजत नाही.

सिंधूताई पिशव्यांत माती भरत होत्या. म्हणाल्या, "काहून गा, पाणी लागलं अन् तू मयतीत आल्यावानी उभा राहिला?"

मी म्हटलं, "ताई, मग विहिरीत का नाही?"

"ते विहिरीले विचार ना! मले काय विचारून राहिला?" असं म्हणून त्यांनी तुम्हाला फोन लावला.

मी नंतर पहार घेऊन पुन्हा पाहिलं. वर आपली काळी माती आहे. तिच्याखाली पिवळसर, चिकट थर आहे, भिंतीला लावायच्या पुट्टीसारखा. पहार त्यात रुतली की निघता निघत नाही. जोर लावून आरपार घातली, तेव्हा टोकाला आलेला मुरूम कोरडा होता. म्हणजे पाणी खालून आलेलं नाही, वरून येऊन त्या थरावर बसलं आहे. विहिरीला वरपर्यंत सिमेंटच्या कड्या आहेत, म्हणून ते तिच्यात शिरत नसेल. असं मला वाटतं. नक्की माहीत नाही.

आता मोगरा. कलमांसाठी तुम्ही जमिनीत लावलेली जुनी झाडं पिवळी पडली आहेत. उन्हानं असेल म्हणून मी नळाचं पाणी वाढवलं, तर आणखी माना टाकल्या. वाळवी असेल म्हणून मुळाशी खणलं. तोच हा खड्डा. मी पाणी शोधायला खणलं नव्हतं, बाबा. मुळं काळी झाली आहेत. बोटांत धरली की साल सरकून हातात येते.

आणि पाण्याला साबणाचा वास येतो.

सिंधूताईंना ओंजळ हुंगायला दिली. त्या म्हणाल्या, "तुह्याच हाताले साबण असन." मी राखेनं हात धुतले आणि पुन्हा वास घेतला. सकाळी येतो, दुपारी येत नाही. मागच्या नव्या इमारतीतल्या चौकीदाराला, ओमप्रकाशला, विचारलं की तुमच्या न्हाणीचं पाणी कुठं जातं. त्यानं मोठ्या कौतुकानं आपल्या भिंतीपलीकडचा शोषखड्डा दाखवला. म्हणाला, "बढिया गड्ढा आहे भाऊ. पूरी बिल्डिंग न्हाते, पण हा कधी भरतच नाही!"

मला हसू आलं, मग घाबरायला झालं.

तुम्ही सिंधूताईंना सांगितलं की एक तारखेला नोकरी सोडून येतो, गल्लीत बुंदी वाटतो, आता दुसऱ्याच्या गेटवर बसत नाही. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. विहीर आटून नोकरीला गेल्यापासून तुम्ही इतक्या मोठ्यानं बोलला नव्हता. आई पदरानं डोळे पुसत होती. वास मला त्याआधीच आला होता. तेव्हाच बोललो असतो तर बरं झालं असतं, पण तुम्ही येणार हे ऐकून मी सिंधूताईंच्या पिशव्या भरायला बसलो.

म्हणून आता लिहितो. नोकरी सोडू नका. एका दिवसाची सुटी घेऊन या. बुंदी आणू नका. इमारतीतल्या लोकांशी बोलायचं की चर खणून पाणी काढून द्यायचं, की मोगरा उचलून पिशव्यांत घ्यायचा, मला ठरवता येत नाही. यातलं काय आधी करायचं तेही कळत नाही. पाणी देणं मात्र बंद केलं आहे. ते तरी बरोबर केलं ना?

खड्डा बुजवलेला नाही. सकाळी लवकर या आणि तुम्ही स्वतः वास घ्या. माझं नाक चुकलं असेल तर बुंदी मी आणीन आणि घरोघरी मीच वाटीन. तुम्हालाही साबणाचा वास आला, तर निदान आपण दोघं तरी एका खड्ड्यापाशी उभे असू.

तुम्हाला या म्हणावं की थांबा म्हणावं, हे न कळलेला,
तुमचा
प्रीतम