बगळ्याचा शिक्का

वीबके पोरी,

चांदीचे चमचे घेऊन तू घर सोडलंस, तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मग ब्रेमेनच्या जुन्या बाजारात ते एकेक करून विकायला येऊ लागले. दांड्यामागे अस्सल चांदीचे शिक्के, चंद्रकोर नि मुकुट, आणि माझ्या वडिलांच्या कारखान्याचा बगळा दिसला, की वाटायचं, पोरगी जिवंत आहे. ओळख दिली तर तू यायचीच बंद होशील, म्हणून गुपचूप विकत घेत गेलो.

"म्हातारबा, एकट्या जिवाला चमचे लागतात तरी किती?" दुकानदार हार्म्स टोमणा मारायचा.

आज त्याने तुझा बारशाचा चमचा काढला. बगळ्यावर तुझ्या दुधाच्या दातांचे व्रण आहेत.

"विकणारी काही म्हणाली?"

"म्हणाली, आता आणायला काही उरलं नाही."

आता तुझी खबर मला कोण देणार?

अजून त्याच घरात,
तुझा बाप हिनरिक