माझ्या कमानीखाली तुमी

गुरुजी, बाकीच्या कमानींखाली ज्यानं त्यानं उभं राहायचं आणि माझ्याच कमानीखाली तुमी, हा कुठला न्याय? तेव्हाही मी विचारलं होतं. तुमी टोपी काढून झटकली, परत डोक्यावर ठेवली आणि म्हणालात, "तू वर बस, तुझं वजन कमी आहे." माझ्यापेक्षा बारकी पोरं आपापल्या कमानीखाली छाती काढून उभी राहिली होती. त्यांचं वजन कुणी पाहिलं नव्हतं.

निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. गावात मराठी शाळा नवीन, ती मारुतीच्या देवळात भरायची. मी मेंढरांमागं फिरलेला, उशिरा शाळेत आलेला, बारक्या पोरांत उंटासारखा दिसायचो. अक्षरं डोक्यात टिकत नव्हती. मग तुमी म्हणालात, देवळामागं शाळेची ओसरी बांधायची, तीन कमानींची, आणि पोरांनीच बांधायची. पारावरची माणसं हसली. "मास्तर, पोरं शिकवायला आलाव का बिगारी गोळा करायला?" तुमी म्हणालात, "दोन्ही." पहिल्या विटा आमी शेतातल्या काळ्या मातीच्या पाडल्या, जवळ होती म्हणून. आठवड्यात तडकून त्यांच्या खापऱ्या झाल्या. तुमी रागावला नाही. सगळ्यांना त्या खापऱ्या हातात घ्यायला लावल्या आणि विचारलं, घराच्या छतावर, माळवदावर, कुठली माती टाकतात? मी म्हणालो, पडक्या गढीची पांढरी, तिच्यातनं पाणी उतरत नाही. माझा बाप दर उन्हाळ्यात टोपल्यानं आणून आमच्या माळवदावर पसरायचा. मी शाळेत यायच्या आधी एका वर्षी पावसाच्या झडीत तेच माळवद खाली बसलं तेव्हा तो खाली निजलेला होता, हे मी वर्गात बोललो नाही. तुमाला ठाऊक होतं. त्या दिवसापासून गढीची माती आणायच्या टोळीचा मुकादम तुमी मला केलं. शाळेत माझं काही चालायला लागलं, अक्षरंही टिकायला लागली, ते तेव्हापासून.

कमान कशी उभी राहते ते तुमी आमालाच करून दाखवलं होतं. दोन पोरं समोरासमोर, हात हातात, पाय मागं, एकमेकांवर भार टाकून. "एकानं अंग काढलं की दोघं पडाल," म्हणायचात. मग दोन खांबांच्या मधे सुट्या विटांचा आणि ओल्या वाळूचा भर रचायचा, त्यावर कमानीच्या विटा बसवायच्या, वाळेपर्यंत थांबायचं आणि खालून भर काढून घ्यायचा. भर निघाला की ज्यानं वरची मधली वीट बसवली त्यानं खाली उभं राहायचं, बाकीच्या टोळीनं वर बसायचं. हा तुमचा कायदा होता. माझ्या कमानीची मधली वीट मीच बसवली होती. तिचा भर काढला त्या दिवशी अर्धं गाव जमलंय, माझी आई देवळाच्या कोपऱ्यावर पदर तोंडात धरून उभी आहे. मला वाटतं, गंमत बघायला आली. मी खाली वाकून शिरायला जातो तर तुमी दंड धरून मला बाजूला ओढता, वर चढवता आणि स्वतः खाली जाऊन उभे राहता. वरून मला तुमची टोपी तेवढी दिसायलीय. शेजारचं पोरगं खिदळतं, "गुरुजींचा तुझ्यावर भरवसा न्हाई रं." कमानीतून मातीचा कणसुद्धा खाली पडला नाही. मी पलीकडनं उडी मारली, घरी गेलो आणि परत शाळेत आलो नाही. तुमी दोनदा घरी आलात. मी मेंढरांच्या वाड्यात त्यांच्या मागं दडून बसलो. मग सडकेच्या कामाच्या टोळीबरोबर निघून गेलो.

आता इकडं तेलंगणात नदीवर पूल बांधायलेत, तिथं आहे. एका जागी माझं मन लागत नाही, हे चौथं काम. यंदा पंचमीला गावी गेलो तेव्हा कळलं, तुमी जाऊन तीन वर्षं झाली. चुलीपाशी बसून मी जुनंच गाऱ्हाणं काढलं की मास्तरानं माझी चार लोकांत शोभा केली. आई भाकर थापायचं थांबली.

"त्याला मीच आण घातली व्हती. म्हणलं, ह्याचा बाप मातीखाली गेला, ह्याला मातीखाली उभा करशीला तर मी जीव देईन. तर त्यो म्हणला, 'मग मी उभा राहतो, आई. फक्त पोराला सांगू नका. आईनं अडवलं म्हणून पोरं चिडवतील त्याला.'"

"मग मला आजपतूर का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गेला असतास व्हय परत? माझ्यावरच रुसला असतास. खा आता, निवायलीय."

गुरुजी, तुमी सांगायला पाहिजे होतं. पोरांनी चिडवलं असतं, आठ दिवस चिडवलं असतं. आठ दिवसांसाठी तुमी मला सगळ्या जन्माचा तुमच्यावर रुसवून ठेवलं. हे भांडण आता कुणाशी करू?

ओसरी बघून आलो. तिन्ही कमानी उभ्या आहेत. माझ्या कमानीखाली पोरांनी पाण्याचा रांजण ठेवलाय. तिथनं तुमच्या घरी गेलो. काकूंनी ओळखलं नाही. "तुमी त्यांचे कोण?" म्हणाल्या. "विद्यार्थी," म्हणालो, आणि माझा मलाच आवाज परका वाटला. घरात गळतीखाली जागोजाग भांडी मांडलेली. तुमी होता तोवर दर उन्हाळ्यात पोरं येऊन माळवदावर पांढरी माती टाकायची. आता वर गवत वाढलंय.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून उशाखालच्या पेटीत ठेवीन. एक सांगायचं राहिलं. इथं पुलाच्या कमानीचा लाकडी आधार काढला की मी जाऊन खाली उभा राहतो, कुणी सांगत नाही तरी. मिस्त्री विचारतो, हे कुणी शिकवलं? मी म्हणतो, आमच्या गुरुजींनी. कुठं असतात ते? तर मी म्हणतो, सोनपेठच्या बाजूला, अजून शिकवायलेत. गावाहून आल्यावरही तेच सांगितलं. काकूंच्या नावानं माळवदाच्या मातीसाठी उद्या मनिऑर्डर करायलोय, बारा रुपये.