चौथ्याला कुठल्या राज्यात धरायचं

५ फेब्रुवारी

लागली ड्यूटी! शाळेत सगळ्यांनी कारणं पुढे केली — कुणाची कंबर, कुणाची सासू, कुणाच्या मुलाची परीक्षा. माझ्याकडे कारणं नव्हती असं नाही, पण मुख्याध्यापकांपुढे रडगाणं गाणं मला जमत नाही. तर आता जनगणना माझ्या गळ्यात. आणि भाग कुठला? आमचीच गल्ली! "बाई, ओळखीची माणसं, सोपं जाईल." ओळखीच्या माणसांकडून खरं काढून घेण्याइतकं अवघड काही नसतं, हे या गृहस्थांना कोण सांगणार.

सकाळभर प्रशिक्षण झालं. शिकवणारे साहेब तोंडातल्या तोंडात बोलत होते, पण एक गोष्ट स्पष्ट बोलले. जो सहा महिन्यांहून जास्त दिवस बाहेर राहतोय तो इथला धरायचा नाही. तो जिथे आहे तिथे मोजला जाईल. "तो कुठे असावा असं घरच्यांना वाटतं, ते आपल्याला विचारायचं नाही." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

शेवटचा तास घ्यायला शाळेत परत. सातवी, भूगोल, आणि धडा नेमका तोच — देशातली सर्वाधिक लोकसंख्येची राज्यं. मुलं सुरात म्हणतात. पहिलं आपलं, दुसरं पलीकडचं, मग बाकीची. "आपलं" म्हणताना छप्पर उडेल एवढा आवाज! जसं काही यांनीच घाम गाळून नंबर काढलाय. साहेब मात्र चहाच्या वेळी हळूच म्हणाले होते की यंदा पलीकडचं पहिलं येणार. "आपली तरणी माणसं सगळी तिकडेच चाललीत ना."

मला हे साहेबांनी सांगायला नको.

६ फेब्रुवारी

सासूबाईंनी विचारलं, "माझ्या लेकाचं नाव सगळ्यात वर येणार ना? कर्ता आहे तो घरचा." मी भांडी विसळत राहिले.

८ फेब्रुवारी

सुरुवात शिंप्यांच्या घरापासून केली. चार मुलगे. दोघे इथे मशीनवर, दोघे पलीकडच्या राज्यात, कापड गिरणीत, कित्येक वर्षं. शिंपीणकाकू म्हणाल्या, "लिहा, चौघे." म्हटलं, राहतात दोघेच ना? "राहत नसले तरी माझेच आहेत की! काय शेजाऱ्यांचे आहेत?"

समजावलं. पुन्हा समजावलं. शेवटी माझी जीभ घसरली — "काकू, रोज पानं किती मांडता?" त्यांनी पदर तोंडाला लावला. काका मशीन थांबवून माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी दोनच लिहिले आणि बाहेर पडले. बरोबरच केलं.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच! इस्त्रीवाल्याने तर लग्न होऊन गेलेली बहीणही मोजायला काढली. म्हटलं, अरे, तिला तिच्या सासरी राहू दे की.

९ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत नगरसेवक शाळेत हजर. पांढरे बूट, हातात दोन फोन. "बाई, एवढं कडक कशाला? राज्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे. नंबर गेला तर खासदार कमी होतील, निधी कमी होईल. पलीकडचे बघा, ते मांजरंसुद्धा मोजत असतील!" म्हटलं, मग तुम्हीही मांजरं आणा, मी शेपट्या मोजते. हसले, पण डोळे हसले नाहीत. जाताना म्हणाले, "तुमच्या घरी तरी चार लिहिणार ना?"

याला कुणी सांगितलं? गल्लीनेच. गल्लीला सगळं ठाऊक असतं, आणि जे ठाऊक नसतं ते ती रचते.

११ फेब्रुवारी

आज रविवार. घरं नाहीत. म्हणून हे डोकं वर काढतंय.

छापखाना बंद पडला तेव्हा यांनी कुणाला काही सांगितलं नाही. डबा घेऊन रोज निघायचे. मला भाजीवालीकडून कळलं. मग घरात खुर्चीत बसून राहिले, कितीतरी महिने. पेपर समोर धरायचा आणि पान उलटायचं नाही. आणि एका सकाळी बॅग भरून उभे — "तिकडे छापखाने दिवसरात्र चालतात. माणसं कमी पडतात त्यांना." सासूबाईंनी हातावर साखर ठेवली. मी दारापर्यंत गेले. मागे वळून बघितलं नाही त्यांनी.

फोन यायचे सुरुवातीला. इमारती बघून मान दुखते, रस्ता ओलांडायला अर्धा तास लागतो, साहेब चांगला आहे. सासूबाई ऐकून लगेच ओट्यावर जाऊन बसायच्या आणि गल्लीला इमारती दाखवायच्या. मग फोन महिन्याने. मग उन्हाळ्यापासून नंबरच बंद. पोलिसांत जाऊ म्हटलं तर सासूबाई उसळल्या — "चोर आहे का तो? कामात असेल!" शिंप्यांच्या थोरल्याला फोनवर शोधायला सांगितलं, तर तो म्हणाला, "काकू, इथे माणसं इतकी की सख्खा भाऊ आठवड्यात दिसत नाही."

काय झालं असेल ते मला कळतं. मी काही कुकुलं बाळ नाही. इतक्या मोठ्या राज्यात एक बाई मिळायला किती वेळ लागतो? दुसरं बिऱ्हाड थाटलं असेल. तिथल्या खिडकीत त्यांचा शर्ट वाळत असेल. हा विचार आला की मला राग येतो, आणि राग ओसरला की त्याहून वाईट वाटतं — कारण मग नुसतीच आठवण येते.

१४ फेब्रुवारी

चिमणी अभ्यास करता करता मध्येच म्हणाली, "आई, तू बाबांना इथे नाही लिहिलंस आणि तिकडे पण कुणी नाही लिहिलं, तर?"

"असं होत नाही."

"पण झालं तर? मग ते कुठेच नाहीत?"

एवढीशी होती परवापरवापर्यंत. आता बारावीला आहे आणि नको ते विचारते. म्हटलं, तिकडेही माझ्यासारखीच कुणी बाई दारोदार फिरत असेल, ती लिहील. पटलं नाही तिला. मलाही नाही.

१६ फेब्रुवारी

नळावर शिंपीणकाकू. मला ऐकू जाईल अशा बेताने — "बघू ना, स्वतःच्या घरी बाई किती पानं मांडतात." सगळ्या बायका बादल्यांत बघायला लागल्या. मी माझी बादली उचलून निघाले.

आमचं घर मी शेवटाला ठेवलंय. क्रमाने मधे येत होतं, तरी ओलांडून पुढे गेले. डॉक्टरकडे जायचं टाळतो ना माणूस, तसं.

१८ फेब्रुवारी

झालं.

जनगणनेचे पर्यवेक्षक म्हणाले होते, स्वतःच्या घरीही रीतसर विचारायचं. म्हणून टेबल पुसलं, चष्मा लावला, सासूबाईंना समोर बसवलं. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती! चिमणी दाराला टेकून उभी.

"घरात माणसं किती?"

"चार."

"आई, राहतात किती?"

"चार सांगितलं ना."

"आई, सव्वा वर्ष झालं."

त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "त्याची खुर्ची आहे. त्याची चप्पल आहे. कपाटात त्याचे शर्ट आहेत, मी दर महिन्याला उन्हात घालते. आणि तू म्हणतेस राहत नाही."

शिंपीणकाकूंचे दोन मुलगे खोडले मी. इस्त्रीवाल्याची बहीण खोडली. आता माझ्या माणसाला ठेवला तर गल्लीत तोंड कसं दाखवू? पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. आत कुठेतरी असंही होतं की जा मग, राहा तिकडचेच! तीन लिहिले. सासूबाईंचं पहिलं, मग माझं, मग चिमणीचं.

सासूबाई उठल्या. म्हणाल्या, "माझा मुलगा तू परराज्याला देऊन टाकलास."

१९ फेब्रुवारी

बोलत नाहीत. चहा ठेवला होता, तसाच गार झाला. चिमणीमार्फत निरोप चाललेत — "तुझ्या आईला सांग, गॅस संपत आलाय."

२१ फेब्रुवारी

संध्याकाळी शिंपीणकाकू आल्या. माझ्या ब्लाउजची बाही उसवली होती, ती कधी बघितली कोण जाणे, सुईदोरा घेऊनच आल्या. अंगावरच शिवली. दोरा दाताने तोडताना म्हणाल्या, "तीन लिहिलेत म्हणे." म्हटलं, हो. "मग ठीक आहे," म्हणाल्या आणि गेल्या. रडायला आलं मला. आतल्या खोलीत जाऊन रडले.

२३ फेब्रुवारी

आजचा प्रकार लिहून ठेवायलाच हवा.

टीव्हीवर चर्चा चालली होती — कुठलं राज्य पहिलं येणार. चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. आपल्या राज्याचा माणूस हिरिरीने बोलायला लागला तशा सासूबाई तिरमिरून म्हणाल्या, "गप रे! तिकडचंच पहिलं येणार." चिमणी चाट. "आजी, तू तिकडची कधी झालीस?"

"माझा माणूस आहे तिकडे. त्याला धरूनच पहिलं येणार ते."

पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं त्यांनी. म्हणाल्या, "आकडा आला की मला सांग. त्यात एक आपला आहे हे मला माहीत असेल." मी मान डोलावली. मग दोघी हसलो. काय हसण्यासारखं होतं देव जाणे! पण हसलो, आणि चिमणी पण हसली, आणि आज तिघी एकत्र जेवलो.

मला वाटतं, बाईमाणसाला एवढंही पुरतं. कुठेतरी आहे, कुणाच्या तरी हिशेबात आहे. दुसऱ्या बिऱ्हाडात का असेना. असू दे. आज पहिल्यांदा "असू दे" म्हणवलं.

२६ फेब्रुवारी

घरांचे कागद जमा केले. सुटले असं वाटत होतं, तेवढ्यात पर्यवेक्षकांचा फोन. ज्यांना घरच नाही त्यांची मोजणी परवा पहाटे, उजाडायच्या आत, ती माणसं कामाला पांगण्याआधी. सगळ्यांनी जायचं. मला नदीपलीकडचा घाऊक बाजार दिलाय. त्या बाजूला माझं कधी जाणं होत नाही.

पर्यवेक्षक मूळचे जनावरांच्या दवाखान्यातले. म्हणतात, "घाबरू नका बाई, माणसं काय, जनावरं काय, झोपेतून उठवली की दोन्ही पहिल्यांदा लाथच मारतात." मोठा विनोद केल्यासारखे स्वतःच हसले.

सासूबाईंनी स्वतःची शाल काढून दिली. "गारठा असेल. आणि नीट विचार गं एकेकाला. कुणाची तरी असतात ती."

२८ फेब्रुवारी

बाजाराच्या मागच्या बाजूला हमालांच्या रिकाम्या हातगाड्या. एकेका गाडीखाली एकेक माणूस. पर्यवेक्षक टॉर्च धरत होते, मी विचारत होते. चौथ्या गाडीखाली एकजण पोती पांघरून. हाक मारली. उठून बसले.

दाढी पांढरी झालीय.

मी फॉर्मचं पान उलटलं, परत उलटलं. पर्यवेक्षकांना काय ठाऊक! ते म्हणाले, "विचारा बाई, उजाडेल." मग विचारलं. नाव सांगितलं त्यांनी, पूर्ण. वय सांगितलं. पलीकडच्या राज्यातून कधी परत आलात, हे फॉर्मवर नव्हतं, मीच विचारलं.

म्हणाले, "मी गेलोच नव्हतो."