कुठले मोरे?

२८ एप्रिल १९८५, रविवार
महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात मालिनीकाकूंनी गाठलंच. "राजाराम, मोरे म्हणजे कुठले रे तुम्ही? जावळीचे का?" माझ्या तोंडात पुरणपोळी. "हूं" म्हटलं. काकू खूश! लगेच दुसरी वाढली, वर तूप. कोलोरॅडोत आल्यापासून दोन वर्षं हा "हूं" पुरवून पुरवून वापरतोय.

१ मे, बुधवार
लॅबमधली कॅरन मार्चपासून बौद्ध आहे. शनिवारी डोंगरातल्या मठात बुद्धजयंती, सहा मैल चढायचं. मला म्हणाली, "तू हिंदू, तुला जरा जड जाईल. मी एक्सप्लेन करीन." मी मान डोलावली. मी जन्मापासून बौद्ध! पण अमेरिकेत हे फक्त या वहीला माहीत.

रूममेट त्र्यंबकही येतोय. "यार, बुद्ध म्हणजे आपल्याच विष्णूचा नववा अवतार! बाकी आपल्याकडचे ते बौद्ध म्हणजे... यू नो." आय नो, बाबा. चांगलंच नो.

४ मे, शनिवार
मे महिन्यात बर्फ! कॅरनच्या पाठीवर तंबू, स्टोव्ह आणि ध्यानाची उशी. त्र्यंबकच्या पाठीवर नुसता चिवडा. तिसऱ्या मैलाला कॅरननं समजावलं — सगळ्या दुःखाचं मूळ इच्छा. त्र्यंबकची इच्छा एकच, खाली बसायची.

मठातले भंते श्रीलंकेचे. सगळ्यांना कागद वाटले. "बुद्धं सरणं" अडखळत सुरू झालं. मी ओठ घट्ट मिटून. पण हे तर आईनं मांडीवर बसवून शिकवलेलं! कसं झालं कोण जाणे — हात जोडले गेले आणि मी खड्या आवाजात, आमच्या विहारातल्या चालीत, त्रिशरण, पंचशील, सगळं! थांबलो तर बाकीचे केव्हाच गप्प. माझे डोळे भरून आले होते.

कॅरन म्हणाली, "वॉव! कुठल्या वर्कशॉपला शिकलास?"

त्र्यंबकनं माझ्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं. उतरताना सहाही मैल माझ्यापासून वीस पावलं लांब चालला. चिवडाही पुढे केला नाही.

७ मे, मंगळवार
त्र्यंबक गेला. म्हणे, नवी खोली लायब्ररीला जवळ पडते. लायब्ररी आमच्या खिडकीतून दिसते! दोघांचा कुकर मात्र ठेवून गेला. "तूच वापर." फार वाईट वाटलं. दोन वर्षं एका ताटात जेवलो.

११ मे, शनिवार
फळीवर त्याच्या गणपतीची जागा रिकामी होती. बॅगेच्या तळातून, स्वेटरच्या घडीतून बाबासाहेबांचा फोटो काढला आणि तिथं ठेवला. तेवढ्यात मालिनीकाकूंचा फोन. "राजाराम, नक्की कुठले रे तुम्ही मोरे?"

सांगितलं. गावासकट, वस्तीसकट. आणि "जय भीम, काकू!" म्हणून मगच फोन ठेवला.