पान सहावरची तार

ता. ३ एप्रिल

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. फोनवर काही विचारलं की तू ‘बरंय’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. पत्राला तरी तुला चार ओळी लिहाव्याच लागतील.

बातमी अशी की मे महिन्यात आम्ही चार दिवस सुट्टीला जातोय. तीन रिसॉर्टांची माहितीपत्रकं आली आहेत आणि घरात निवडणूक लागल्यासारखं वातावरण आहे. ह्यांच्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. त्यांनी तक्ता आखून खोली, जेवण, पोहायचा तलाव अशा प्रत्येकाला दहापैकी गुण दिलेत. पहिलं तळ्याकाठी आहे, शांत, म्हातारपणी जावं असं. दुसऱ्यात सगळं चांगलं, पण रानातलं अ‍ॅडव्हेंचर पार्क बसने दोन तासांवर. तिसऱ्यात पार्क आवारातच! एकदा पैसे भरले की खाणंपिणं, खोली, दोरांचे पूल, गुहेतली नदी, झिपलाइन, सगळं त्यातच. मनगटाला पट्टी बांधतात, ती दाखवायची नि हिंडायचं. ठमीने अर्थातच तिसऱ्यावर बोट ठेवलंय. तेरा वर्षांची घोडी झाली, पण झाडावर चढायची हौस फिटत नाही.

तूही चल. त्या अपघातापासून दोन वर्षं तू एक दिवस रजा काढली नाहीस. माहितीपत्रक सोबत पाठवतेय. दुकानात ब्लाऊज बेततानाही ते माझ्या कात्रीखालीच असतं, त्यामुळे एक कोपरा कापला गेलाय. बघून तुझं मत कळव.

लोभ आहे, तो पत्राच्या उत्तरातून दिसू दे.
तुझी ताई

ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माहितीपत्रक मिळालं. ताई, तळ्याकाठचं घे.

कारण सांगतो, हसू नकोस. पान सहावर झिपलाइनवरून जाणारी एक मुलगी आहे. तिच्या मागे, खांबाजवळ, तारेचं टोक दिसतं. तार खांबाभोवती फिरवून टोक परत त्याच तारेला तीन क्लॅम्पने आवळलंय. क्लॅम्पचा बसका भाग ओझं पेलणाऱ्या तारेवर यायला हवा आणि वाकडा बोल्ट मोकळ्या टोकावर. इथे तिन्ही उलटे आहेत. अशाने बोल्ट पेलणाऱ्या तारेलाच चावत राहतो. वरून काही कळत नाही. तार एक दिवस सरकते.

मी भिंग लावून पाहिलं. सकाळी उन्हात नेऊन पुन्हा पाहिलं. मग वाटलं, आपलेच डोळे फितूर झालेत. हल्ली मला पुलाखालून जातानाही बोल्ट मोजावेसे वाटतात. लिफ्टच्या टपावर उभा राहिलो की तळवे ओले होतात, आणि माझं पोट त्यावरच चालतं. त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. फक्त तळ्याकाठचं घे. ठमीला होडीत बसव.

भाऊजींना नमस्कार. ममता आहेच, ती ह्या भित्र्यावर पातळ होऊ देऊ नये.
तुझा धाकटा

ता. १४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच तिसऱ्याचं बुकिंग झालं. तरी ह्यांनी तिथे फोन लावला. मॅनेजर म्हणाला की फोटो जुना आहे, तपासणी दरवर्षी होते, दाखला भिंतीवर लावलेला आहे. ह्यांचं समाधान झालं. माझंही झालं म्हण.

आता माझं ऐक. गेल्या वर्षी जत्रेतल्या पाळण्याच्या चालू रांगेतून तू ठमीला ओढून बाहेर काढलंस. लोक बघत होते, आणि पोरगी घरी येईपर्यंत मान खाली घालून चालली. परवा तिने मला विचारलं की मामा दुरुस्त करतो त्या लिफ्ट पडतात का. तुला काय भोगावं लागलं ते मला माहीत आहे. तुझा कामावरचा जोडीदार तुझ्या डोळ्यांदेखत गेला. पण ते ओझं माझ्या लेकीच्या डोक्यावर नको रे.

८ मेला दुपारी पोहोचतोय. येणार असशील तर हसत ये, नाहीतर घरी बसून माझ्यावर चीड.

लोभ आहे, रागावलास तरी तो तसाच ठेव.
ताई

ता. ७ मे, रिसॉर्टवरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी एक दिवस आधीच आलोय. तुम्ही याल तेव्हा ठमी समोर असेल, तोंडाने काही सांगता येणार नाही, म्हणून हे पाकीट काउंटरवर ठेवतोय. खोलीत जाऊन एकटी वाच.

इथल्या तारा सांभाळणारी एक मेकॅनिक बाई आहे, पन्नाशीची, कमी बोलणारी. मी पान सहा पुढे करताच तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली की हा फोटो तिच्या आधीच्या काळातला, आणि ती नोकरीवर आल्याबरोबर पहिल्याच आठवड्यात तिने ते क्लॅम्प बदलले. म्हणजे मला दिसलं ते खरं होतं, ताई. किती वर्षं त्या उलट्या क्लॅम्पवरून लोकांची पोरं हसत गेली, देव जाणे.

मग तिने मला वर नेलं. शिडीच्या मध्यावर मी दोन्ही हातांनी दांडा धरून थांबलो. ती खालून म्हणाली की वेळ घ्या, आज पार्क बंदच आहे. मी प्रत्येक क्लॅम्प हाताने पाहिला, खांबाचं लाकूड आतून कुजलेलं नाही ना, ते स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिलं. तिने वाळूची पोती बांधून चार वेळा सोडून दाखवली. तार चांगली आहे. हे मी लिहून देतोय.

आता जे कधीच सांगितलं नाही ते. अपघाताच्या त्या सकाळी लिफ्टच्या ब्रेकचं लायनिंग, म्हणजे पकड धरणारा थर, झिजून आतले रिव्हेट दिसू लागले होते. मी ते पाहिलं होतं. सुपरवायझर म्हणाला पुढच्या आठवड्यात बदलू, इमारतीतले लोक खोळंबलेत. मी गप्प बसलो. भित्रा म्हणतील म्हणून गप्प बसलो. जोडीदार माझ्या आधी टपावर चढला, आणि ब्रेकने लिफ्ट धरली नाही. चौकशीत मला विचारलं, काही दिसलं होतं का, आणि मी नाही म्हणालो.

उद्या तारेवर सोडताना ठमीच्या कमरेचा पट्टा मीच बांधीन, तू नको म्हणू नकोस. हे वाचल्यावर माझ्यावर जो काही लोभ उरेल, तेवढा पुरे.
धाकटा

ता. १७ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

घरी येऊन पाच दिवस झाले. तिथे चार दिवस आपण एकमेकांना नुसतं मीठ वाढत होतो. मला बोलायला जमलं नाही.

तुझं पाकीट मी न्हाणीघराचं दार लावून वाचलं. बाहेर ही दोघं पोहायला निघायची घाई करत होती. मी नळ सोडून ठेवला आणि रडले. त्या माणसासाठी रडले, तुझ्यासाठीही. आणि तुझा राग आला. तो अजून आहे, लपवत नाही.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. वर मचाणावर तू ठमीचा पट्टा चार वेळा सोडून पुन्हा बांधलास. मी खालून तुझे हात बघत होते. मग ती मागे फिरली, पोट दुखतंय म्हणाली आणि शिडीने उतरली. रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. काल तिने खरं सांगितलं. तिला तारेची भीती वाटलीच नव्हती. मामाचा चेहरा बघून तिला वाटलं की आपण तारेवरून निघालो तर मामा तिथेच कोसळेल. तुझ्यासाठी उतरली ती. आणि आता आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. दप्तर घेऊन पाच मजले चढते.

तार चांगली आहे असं तू स्वतः लिहून दिलंस. मग ती भीती कशाची होती? ती त्या सकाळची होती, जेव्हा तू बोलला नाहीस. ती तू माझ्या पोरीच्या कमरेला बांधलीस. मला हे लिहिताना त्रास होतोय, पण मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार?

जोडीदाराच्या बायकोला हे माहीत आहे का? नसेल तर तिला कळायला हवं. कधी, ते तू ठरव.

ह्यांनी तुला नमस्कार सांगितलाय. त्यांना मी काही बोललेले नाही. लोभ उरेल का, असं विचारायची हिंमत पुन्हा करू नकोस.
तुझी ताई

ता. २६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, कारण कागद गुडघ्यावर आहे. एका नऊ मजली इमारतीच्या सर्वात वरच्या पायरीवर, मशीनच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसलोय. तुझं पत्र चार दिवस वरच्या खिशात आहे. जोडीदाराच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, गल्लीपर्यंत दोनदा जाऊन परत आलो. त्यांच्या दारापर्यंत पाय अजून पोहोचत नाहीत, पण जाणार आहे.

आज सकाळी इथल्या लिफ्टच्या दोराला हात लावला तर बारीक तारा तुटून कुसळांसारख्या उभ्या होत्या. मोजल्या. चालवून घेण्याच्या पलीकडे आहेत. मी मेन स्विच बंद करून कुलूप लावलं आणि सुपरवायझरला फोन केला. तो तोच आहे, त्या वेळचा. म्हणाला की महिनाअखेर आहे, वर दोन घरांचं सामान चढायचंय, आजचा दिवस चालव. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, तुझं डोकं फिरलंय, त्या दिवसापासून तुला सगळीकडे भुतं दिसतात. मी म्हणालो की त्या दिवशीही मला दिसलं होतं, आणि तुम्हालाही. मग म्हणाला, येतोय मी तिकडे.

आता तो जिना चढतोय. सोबत आणखी दोघंतिघं आहेत. पाचव्या मजल्यावर धापा टाकत थांबलेत, आणि चढताना प्रत्येक पायरीला मला शिव्या आहेत. नोकरी जाईल बहुतेक. जोडीदाराचं प्रकरण पुन्हा उघडेल, आणि मी खोटं बोललो हे आता लपणार नाही. ठमीला सांग की मामा अजून घाबरलेलाच आहे. पण ह्या वेळी घाबरायची जागा बरोबर आहे, आणि ह्या वेळी मामाने तोंड उघडलंय.

कुलपाची किल्ली माझ्या मुठीत आहे. ते सातव्यावर आले.

लोभ असू द्यावा, आज तो फार लागणार आहे.
तुझा धाकटा