पोपटी की काळा

६ फेब्रुवारी, गुरुवार

वेटसूट नाही! शर्यतीच्या आयोजकांचा मेल आला. धरणाचं पाणी कोमट आहे म्हणे, म्हणून तो रबरी सूट कुणीच घालायचा नाही. मी भाड्यानं आणणार होते. सगळं अंग झाकलं गेलं असतं, वर तरंगायला मदत. आता साडेसातशे मीटर पोहणं, मग सायकल, मग पळणं, सगळं एकाच पातळ कपड्यात. बाही कोपराच्या खाली नको, पाय गुडघ्याच्या खाली नको, असाही नियम.

तलावावरचा माझा झालरवाला फ्रॉक पाण्यात छत्रीसारखा फुगतो. वरून टी-शर्ट घातला तर गळ्यात बादली बांधून पोहल्यासारखं.

धाकट्या जावेला, तेजलला, सांगितलं. तीही या शर्यतीत आहे. म्हणाली, "संध्याताई, आपण उल्हासनगरला शिवूनच घेऊ ना." इतक्या पटकन! जणू आधीच ठरवून ठेवलं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

उल्हासनगरला जाऊन आलो. निघताना सासूबाई म्हणाल्या, "दोघींना येकच कापड घ्या गो. मंग कुरकूर नको." हा त्यांचा कायदाच आहे. तेजल या घरात आल्यापासून सहा वर्षं प्रत्येक सणाला आम्ही दोघी बँडवाल्यांसारख्या एकसारख्या.

दुकानात मास्टरनं काळं कापड उलगडलं. "मॅडम, चारों तरफ खिंचता है. अंदर का कुछ नहीं दिखेगा." मी हो म्हणणार तेवढ्यात तेजल मध्ये पडली — "ताईंना पोपटी. मला काळा." म्हटलं, आईंनी काय सांगितलं? तर म्हणे, "त्यांना मी समजावते. पण तुम्ही पोपटीच घ्या, बाहीसकट." माप देतानाही तेच. बाहीवर दुसरी पट्टी नको, अख्खी पोपटीच हवी.

एकेचाळीस वर्षांच्या बाईला पोपटी! काळ्यात माणूस बारीक दिसतं, हे काय तिला माहीत नाही? कुठेतरी पाणी मुरतंय.

१३ फेब्रुवारी

नवऱ्याला, कैलासना, विचारलं, पोपटी मला कसा दिसेल? मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "छान." पुढं विचारण्यात अर्थ नव्हता.

१६ फेब्रुवारी, रविवार

नदीत पहिला सराव, बॅरेजच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, पोहणं शिकवणाऱ्या राजू सरांबरोबर. पोपटी घातला. खोटं कशाला बोला, शिवला छान आहे. मानेला काचत नाही, पाणी धरत नाही.

पण तेजल! सगळा वेळ माझ्या मागे. पायाला सारखा तिचा हात. मी वळले की वळायची, थांबले की थांबायची. बाहेर आल्यावर मी काठावरून हात केला, तर पाहून न पाहिल्यासारखं करून सरळ निघून गेली. रिक्षात बसल्यावर परत गोड.

सरांना हळूच विचारलं. म्हणाले, "मॅडम, समोरच्याच्या मागे राहिलं की दम वाचतो. अलाउड आहे ते."

म्हणजे हे असं आहे. डिसेंबरच्या पाच किलोमीटर पळण्याच्या शर्यतीतही तिनं हेच केलं. पूर्ण वेळ माझ्या मागे आणि शेवटच्या वळणावर पुढे. नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचा फोटो. मीही आहे त्यात — मागे, अर्धी कापलेली.

पोहणं माझं आहे. कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सदतिसाव्या वर्षी अंबरनाथच्या तलावात उतरले, लहान मुलांच्या बाजूला, दांडी धरून. या घरात ओटा दोघींचा, सण दोघींचे, सासूबाईही दोघींच्या. माझं एकटीचं असं हे एकच. तिथेही ही मागून आली. मला राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते. पण या वेळी पाण्यातून आधी मी बाहेर येणार.

२० फेब्रुवारी

मेथी निवडता निवडता परत विचारलं तिनं. "ताई, शर्यतीला पोपटीच ना?" चौथ्यांदा!

आज सगळा उलगडा झाला. टोप्या सगळ्या बायकांना एकाच गुलाबी रंगाच्या मिळणार आहेत. म्हणजे गर्दीत मला हेरायचं तर कपड्यावरूनच. माझी पाटी करून ठेवली आहे तिनं. रस्ता दाखवायला मी, आणि शेवटी पुढे जायला ती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

एकटीच उल्हासनगरला जाऊन आले. घरी सांगितलं, ब्लाउज टाकायचा आहे. मास्टरकडे माप होतंच. "सेम टू सेम? ब्लॅक में?" म्हटलं, हो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

अंबरनाथला देवळाची यात्रा, रस्ते बंद, सराव नाही. काळा कालच आणला. दार लावून घालून पाहिला. मी मलाच आवडले.

तेवढ्यात दारावर टकटक. तेजल. साबुदाण्याची खिचडी घेऊन. "ताई, उपासाचं खाऊन घ्या, अशक्तपणा येईल." घाईघाईनं वर गाऊन चढवला. इतकी काळजी कशाला कुणी करतं?

१ मार्च

बॅगेत वर पोपटी, तळाशी काळा. तिला बॅग उघडून पोपटी दाखवला. हसली.

२ मार्च, रविवार

तंबूत काळा घातला, वर जॅकेट, चेन गळ्यापर्यंत. काठावर तेजल माझा दंड धरूनच उभी होती. जॅकेट ठेवून येते म्हणून मी बाजूला झाले आणि परत तिच्याजवळ गेलेच नाही. चार बायका सोडून उभी राहिले. ती मान वळवून वळवून शोधत होती. "ताई?" दोनदा हाक मारली. एकदा तर थेट माझ्याकडे बघून. मी गप्प.

मग शिट्टी. पायाला कुणाचा हात नाही. इतकं मोकळं मी कधीच पोहले नव्हते. एकवीस मिनिटं! सायकल झाली, पळणं झालं, गळ्यात मेडल पडलं.

मग कळलं की तेजल पाण्यातून बाहेर आलीच नव्हती. राखणीच्या होडीनं काढली. भलतीकडेच गेली होती, पलीकडच्या काठावर बायका कपडे धूत होत्या तिकडे. नाकातोंडात पाणी. आज दवाखान्यात ठेवणार आहेत, धोका नाही म्हणाले. धर्मेशभाऊजी तिच्याजवळ आहेत.

वाईट वाटलं. पण मनात आलंच — मी सापडले नाही म्हणून दुसऱ्या कुणाच्या मागे लागली असेल. करावं तसं भरावं.

५ मार्च, बुधवार

आज तेजल चष्मा लावून स्वयंपाकघरात आली. आधी ओळखूच आली नाही. जाड काचा. अकरा नंबर. लग्न ठरवताना माहेरच्यांनी लपवला. नवऱ्याला माहीत होतं, आम्हाला नाही. एरवी लेन्स लावते, पण नदी-धरणाच्या पाण्यात लेन्स चालत नाहीत आणि तिच्या नंबरचा पोहायचा गॉगल मिळत नाही. पाण्यात तिला माणूस दिसत नाही, नुसता रंग दिसतो. "तुम्ही आईंना सांगाल म्हणून बोलले नाही," म्हणाली.

"पलीकडे काहीतरी पोपटी हललं, मला वाटलं तुम्हीच." मग विचारलं, "ताई, तुम्ही ऐन वेळी कपडे बदललेत का?"

म्हटलं, पोपटीची शिवण उसवली होती.

"मग बरं झालं. भर पाण्यात उसवली असती म्हणजे!"

दार लावून बसले आहे. पोपटीची शिवण उसवते आहे. मास्टरनं दुहेरी घातली आहे, ब्लेडनंही लवकर निघत नाही.