डोंगर चढलेले डोळे

अप्पा,

आज वर्गात दंडपेशी शिकवल्या. मी आता तंजावरातच कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते. माझं लग्न लावून तुम्ही गेलात, नोकरी त्यानंतरची. या धड्याला दरवर्षी मुलं एकाच ठिकाणी चुकतात. त्यांना वाटतं, उजेड पडला की डोळ्यातली पेशी जागी होते. असतं उलटंच. अंधारात तिची दारं उघडी असतात, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत वाहत राहतात आणि ती एकसारखी बोलत असते. उजेड पडला की दारं मिटतात आणि ती गप्प होते. तिचं ते गप्प होणं म्हणजेच आपल्याला दिसणं. हे सगळं मी फळ्यावर काढलं, एका मुलीच्या शंकेचं उत्तर दिलं, हात धुतले आणि डब्यातला दहीभात संपवला. मला काही झालं नाही. व्हायला हवं होतं, कारण गेल्या आठवड्यात चेन्नईच्या डॉक्टरांनी तुमच्या नातीबद्दल जे सांगितलं, ते याच दाराबद्दल होतं. तिच्या डोळ्यात ते दार नीट घडलेलंच नाही. आयन आत येत नाहीत. उजेड काय, अंधार काय, पेशीला सारखंच, आणि मग हळूहळू त्या पेशी मरत जातात. आधी रात्र जाते. पुढे केव्हातरी दिवसही.

तुमच्या वेळी याला कुणी दार वगैरे म्हणत नव्हतं. गल्लीतले लोक तमिळमध्ये ‘मालैक्कण’ म्हणायचे, म्हणजे संध्याकाळचा डोळा. मालै म्हणजे संध्याकाळ आणि मलै म्हणजे डोंगर, एका कान्याचा काय तो फरक. आणि माझे कान मराठी. शिवाय आपल्या घरी दिवा विझला असं कधी म्हणायचं नसे, शेजाऱ्यांसारखं आपणही म्हणायचो, दिवा डोंगर चढला. मी दोन्हींची सांगड घातली. संध्याकाळ झाली की अप्पांचे डोळे दिव्यासारखे डोंगर चढतात, अशी माझी पक्की समजूत होती. तिरुवैयारूच्या शाळेतून तुमची बस यायची, अम्मा मला तुम्हाला आणायला स्टँडवर पाठवायची. तुम्ही पायरीवर उभे राहून पायाने जमीन शोधताय आणि मी खालून ओरडतेय, “अप्पा, डोळे डोंगर चढले का?” कंडक्टरसुद्धा वळून बघतो. तुम्ही हसता. “चढले गे. सकाळीं उतरतील.”

त्याच स्टँडवर एकदा तुम्ही मला रागावलात. मी तुमचा हात घट्ट पकडून ओढत होते, आणि तुम्ही तो झटकलात. “मज धरू नको. मीच तुज धरतों.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागलात. राजवाड्याच्या भिंतीपर्यंत मी मुसमुसत होते. धरणं आणि धरू देणं यात इतकं काय असतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

तुमच्या डोळ्यांची काळजी मला होती, तशी तुम्हाला माझी. म्हणून मला आत्याच्या मुलाला दिलंत. परक्या घरी पोर कशास द्यावी, घरचा माणूस सांभाळून घेतो, असं म्हणालात. खोटं नव्हतं, तो सांभाळतो. डॉक्टरांकडून आल्यापासून नुसते बल्ब आणतो. घराचा लग्नातला झगमगता कल्याणमंडप करून टाकलाय. पण तो दोष तुमच्याकडून माझ्यात आला, तसाच आत्याकडून त्याच्यात आला होता. आम्हा दोघांना एकेकटा काहीच करत नव्हता. एकत्र आला तो मुलीत. तुमचा राग यावा म्हणून मी दोन-तीनदा प्रयत्न केला, अप्पा. आला नाही. रडूही आलं नाही. माझ्या आत काही हलतच नाही.

काल तिन्हीसांजेला तिला गाण्याच्या शिकवणीहून आणत होते. आपल्या गल्लीत हल्ली दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असतात. ती एका हँडलवर आदळली. मी हात धरला, तर तिने हिसडून सोडवला. अकरा वर्षांची आहे, लाज वाटते. तेव्हा माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, “मी नाही धरत. तूच मज धर.” तिने हात माझ्या खांद्यावर ठेवला. थोडं चालल्यावर तिने विचारलं, “अम्मा, माझ्या डोळ्यांस काय झालंय?”

हे कागद कुठे जायचे नाहीत. देवनागरी तुम्ही शिकवलीत म्हणून मला येते; या घरात आता दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, टेबलावर उघडे पडले तरी चालतील. तुमच्या शेवटच्या वर्षांत तुमचे डोळे सकाळीही उतरेनासे झाले होते, ते मी पाहिलंय. तिने पाहिलेलं नाही. मी तिला सांगितलं, डोंगर चढलेत. तिने विचारलं, मग उतरतात कधी? पूर्ण उत्तर मला पाठ आहे, दरवर्षी देते. मी म्हटलं, “सकाळीं.” ती “सेरी, बरं” म्हणाली आणि खांद्यावरचा तिचा हात सैल झाला.